गुटगुटीत लेकराची उंची

पूर्णा जंक्शनहून नांदेडच्या दिशेने गाडी सुटली की पहिलं स्टेशन आमचं चुडावा. अंतर इतकं थोडं की बाकावर नीट टेकावं तोवर उतरायची तयारी करावी लागते. एवढ्या वेळात समोर बसलेल्या एका निवृत्त गुरुजींनी जे सांगितलं ते घेऊन मी खाली उतरलो, आणि अजून ते मनातून हटलेलं नाही.

शेजारी एक तरुण बाई होती, मांडीवर दोनेक वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात पाच रुपयांचा चुरचुरीत पुडा, गाल वर आलेले, दंडाला वळ्या. गुरुजी तिच्याकडे बोट करून म्हणाले, “कुठं राहिलं आता कुपोषण? हे लेकरू बघा, कसं गुटगुटीत हाय. उलट आता लेकरं फुगून चाललीत. अन् ठेंगणी म्हणाल, तर आपला पिंडच ठेंगणा. गोऱ्यांची पट्टी आपल्या लेकरायला लावायची कामून? ते अंगणवाडीचं वाटप बंद करा अन् पैसा शाळंला द्या.” डब्यातल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मुलीची आईसुद्धा कौतुकाने हसली.

मी तेव्हा गप्प बसलो, कारण स्टेशन आलं होतं आणि उत्तर एका दमात देण्यासारखं नव्हतं. गुरुजींवर राग नाही. उभा जन्म त्यांनी लेकरांना शिकवण्यात घातला, आणि डोळ्यांना दिसतं तेच ते बोलत होते. पण हेच म्हणणं मोठमोठ्या पदव्यांची माणसंही मांडतात, आणि सरकारचा पैसा कुठे वळवायचा हे त्यावरून ठरतं. म्हणून ते खोडून काढणं भाग आहे. आमच्याकडच्या लेकरांची खुंटलेली उंची आणि त्यांच्या अंगावर चढणारी चरबी ही एकाच उपासमारीची दोन रूपं आहेत. ती उपासमार आईच्या पोटात सुरू होते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत चालते. गाल वर आले म्हणून ती संपली असं समजणं म्हणजे सुजेला बाळसं समजणं.

आधी त्या ‘गोऱ्यांच्या पट्टी’चं बघू. अंगणवाडीत आज वापरतात ती वाढीची मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणली. त्याआधी वर्षानुवर्षे आपण ज्या तक्त्यांवर विसंबून होतो ते अमेरिकेतल्या मुलांवरून तयार झालेले होते, तेव्हा गुरुजींचा आक्षेप चाळीस वर्षांपूर्वी घेतला असता तर रास्तच ठरला असता. नव्या पट्टीसाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली जवळपास साडेआठ हजार मुलं मोजली गेली. ब्राझीलचं पेलोटास, घानाचं आक्रा, नॉर्वेचं ऑस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली ही ती सहा ठिकाणं. घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी, बाळ अंगावर पीत असावं, आई धूम्रपान करणारी नसावी, अशा अटी होत्या. मोजणी संपल्यावर दिसलं की लहान वयात या सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळपास सारखीच वाढते. दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरचं लेकरू ऑस्लोच्या लेकराच्या बरोबरीने उंच होत होतं. म्हणजे ही पट्टी बनवताना आपलीही लेकरं मोजली गेली आहेत. फक्त ती पोटभर जेवलेल्या आईची लेकरं होती.

या पट्टीप्रमाणे दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची उभ्याने मोजलेली मध्यम उंची ८५.७ सेंटिमीटर. ७९.३ च्या खाली असली तर उंची खुंटली असं धरतात. निरोगी समाजातही काही माणसं जात्या ठेंगणी असतातच, त्यामुळे शंभरातली दोन-तीन मुलं या रेषेखाली सापडायचीच. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के या रेषेखाली निघाली. दोन-तीन मुलांचं ठेंगणेपण खुशाल पिंडावर घाला. राहिलेल्या बत्तीस मुलांचा हिशेब कुणी द्यायचा?

पिंडाचा हा मुद्दा २०१३ साली अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात मोठ्या तयारीने मांडला होता. पुढे ते नीती आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे हे बोलणं रेल्वेच्या डब्यापुरतं नाही. त्यांचा सवाल असा होता : आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांत बाळं आपल्यापेक्षा जास्त दगावतात, आयुर्मान आपल्यापेक्षा कमी, मग उंची खुंटलेली मुलं मात्र आपल्याकडे जास्त, हे कसं? मोजपट्टीच चुकली असली पाहिजे. त्याच साप्ताहिकात त्यांना उत्तरं मिळाली. अँगस डीटन, ज्याँ द्रेझ, डीन स्पीअर्स, डायेन कॉफी या अभ्यासकांची नावं त्यांत होती. मला त्या कोड्याचं उत्तर माझ्या गावात दिसतं. लस, मीठ-साखरेचं पाणी, प्रतिजैविकाची बाटली आणि पूर्णा-नांदेडचा दवाखाना यांनी लेकरू मरणाच्या दारातून परत येतं. त्याचा पाय लांब व्हायला मात्र आईचं रक्त, दूध, डाळ, अंडं आणि हगवणीवाचून गेलेले महिने लागतात. पहिलं आपण बऱ्यापैकी केलं, दुसरं केलं नाही. मग लेकरं जगतात आणि ठेंगणी राहतात. यात कोडं कसलं?

पिंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एका अभ्यासाकडे पाठ फिरवता कामा नये. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या मुलांची उंची जन्मक्रमाप्रमाणे लावून पाहिली. आपल्याकडचं पहिलं अपत्य आफ्रिकेतल्या पहिल्या अपत्याहून ठेंगणं निघालं नाही. घसरण सुरू होते दुसऱ्यापासून, तिसऱ्याला ती आणखी वाढते. आई तीच, बाप तोच, पिंड तोच. बदलतं ते ताटातलं वाढणं, आईच्या अंगातली शिल्लक आणि मुलगा होईस्तोवर चाललेली वाट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्सचे पुरुष सरासरी पाच फूट पाच इंचांचे होते, आज ते जगात सर्वांत उंच गणले जातात. ब्राझीलमध्ये १९७४–७५ साली पाच वर्षांखालच्या ३७ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती, २००६–०७ मध्ये हा आकडा ७ वर आला. तीस-बत्तीस वर्षांत कुठल्या देशाचा पिंड पालटत नाही. आयांची शाळा वाढली, गरिबांची मिळकत वाढली, नळाचं पाणी आणि दवाखाने आले, आणि लेकरं उंच झाली.

या वादाचं मूळ आपल्या मातीतही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रात जगभर नाव कमावलं, १९५१ ते १९७० संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काढली, मग पुण्याला परतले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली गोखले संस्थेतून दारिद्र्याचं मोजमाप मांडलं ते उष्मांकाच्या आधाराने. सुखात्म्यांनी त्यावर हरकत घेतली. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर स्वतःला सावरून घेतं, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मोजू नका, असं ते म्हणाले. दांडेकर आणि सुखात्मे या पुण्यातल्या दोन मोठ्या माणसांचा हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यातून पुष्कळ शिकायला मिळालं. सुखात्म्यांचं अर्धं म्हणणं मला आजही पटतं. नुसते उष्मांक मोजू नका, पिण्याचं पाणी आणि संडास यांच्याकडे बघा, सतत हगवण लागलेल्या पोटात कितीही घाला ते अंगी लागत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. पण त्यांच्या विचाराचा धागा धरून १९८२ साली डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने पुढची उडी मारली. मध्यम खुंटलेली मुलं आजारी नाहीत, ती फक्त ‘लहान पण निरोगी’ आहेत, असं त्याने मांडलं. ‘न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया’चे सी. गोपालन यांनी त्याला तिथल्या तिथे अडवलं. लहान असणं इतकं निरोगी असेल तर ते गरिबांच्याच लेकरांसाठी का, श्रीमंतांच्या का नाही, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. चाळीस वर्षं उलटली, या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. गुरुजींचा नातू नांदेडच्या इंग्रजी शाळेत असेल आणि त्याची उंची वर्गात कमी भरली, तर ते ‘आपला पिंड’ म्हणून गप्प बसणार नाहीत. बालरोगतज्ज्ञाकडे नेतील, आणि तसंच करायला हवं.

उंचीचं एवढं काय, बुटका माणूस कमी शहाणा असतो का, असंही विचारतात. नसतो. उंचीला स्वतःचं असं मोल नाही. उंची खुंटते त्याच दिवसांत मेंदूची घडण चाललेली असते, आणि पायाच्या हाडाला कमी पडलेलं तिकडेही कमी पडतं. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना दोन प्रकारचं पेय दिलं. दोन गावांत प्रथिनांचं, दोन गावांत नुसतं गोड. पुढे ती मुलं संसाराला लागली तेव्हा त्यांना शोधून काढलं. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत प्रथिनांचं पेय मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. गोड पेयाने तसं काही केलं नाही. अंगणवाडीत गोड पिठाची पिशवी आली की मला ती चार खेडी आठवतात.

आता गुरुजींच्या दुसऱ्या बोलाकडे. लेकरं फुगून चाललीत, हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. महाराष्ट्रात उंचीच्या मानाने वजन फार जास्त असलेली पाच वर्षांखालची मुलं २०१५–१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९–२१ मध्ये ४.१ टक्के झाली. चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त. पण याच काळात खुंटलेली उंची ३४.४ वरून ३५.२ वर गेली. मुलांमधला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर पोचला. उपासमार संपून सुकाळ आला असता तर पहिला आकडा वाढताना बाकीचे दोन उतरायला हवे होते. तिन्ही एकदम वाढले. याचा अर्थ लावायचा तर पुण्याला जावं लागतं.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या बाया पाच फुटांच्या आसपास उंचीच्या, वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आत-बाहेर, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. इथवर कुणालाच नवल वाटलं नसतं. नवल पुढे होतं. बाळाचं पोट, दंड, स्नायू, सगळं इंग्रज बाळापेक्षा फार लहान, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा धरून मोजलेली चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पोटात अन्न कमी पडलं तेव्हा गर्भाने मांस आणि आतल्या अवयवांवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली. २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि ‘बारीक पण चरबीचं भारतीय बाळ’ जगाच्या वैद्यकात नावारूपाला आलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला गेला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून एक दुप्पट चरबीचा.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट हाती लागली. हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी भरली. आणि बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं, भाकरी-वरणातून मिळत नाही. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी जास्त चरबीची निघाली आणि त्यांच्या शरीराची इन्शुलिनला दाद देण्याची ताकद घटलेली होती. सहाव्या वर्षी मधुमेहाची वाट मोकळी झालेली.

गाडीतल्या मुलीचे गाल आता पुन्हा आठवा. दोन वर्षांत तिला भाकरीचा कुस्करा मिळाला असेल, चहात बुडवलेलं बिस्कीट नक्की मिळालं असेल, आणि बाजारातून आलेला तो पुडा. पुड्यातलं तेल, पीठ आणि मीठ अंगावर चढतं, हाडाला लांबी देत नाही. हाडाला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, कॅल्शियम लागतं. ते नसेल तर वजन आडवं वाढतं. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळतो तो ११.३ टक्क्यांना. शंभरातली बाकीची जवळपास एकोणनव्वद मुलं उपाशी दिसत नाहीत, कारण त्यांच्या तोंडात सतत काहीतरी असतं. गुटगुटीतपणा आणि खुजेपणा एकाच लेकराच्या अंगावर एकाच वेळी असू शकतात, हे गुरुजींच्या लक्षात आलं नाही, कारण ते फक्त गालाकडे बघत होते.

आणि आईकडे तर कुणीच बघत नाही. डायेन कॉफी यांनी २०१५ साली दाखवून दिलं की गरोदर राहतानाच आपल्याकडच्या ४२ टक्के बायांचं वजन निरोगी पातळीच्या खाली असतं, आणि नऊ महिन्यांत त्यांची भर पडते ती जेमतेम सात किलोंची. आमच्या परभणी जिल्ह्याला तर मान खाली घालायला लावणारा आकडा आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, परभणीत ४८ टक्के. राज्यात सर्वांत वर आमचा जिल्हा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचं स्वतःचं अंग भरायचं असतं. त्यातच गर्भ राहिला तर दोन वाढत्या जिवांची एका ताटावरून ओढाताण होते, आणि सासरी ते ताट सगळ्यांच्या मागून वाढलेलं असतं. त्या मुलीचं बाळ ठेंगणं निघालं की ‘मायवर गेलं’ म्हणतात. मायवर गेलंच आहे. माय का खुंटली हे मात्र कुणी विचारत नाही.

मग वाटप बंद करा म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? वाटपाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत. १९७२ च्या दुष्काळात कामावर मिळालेली सुकडी आमच्या आई-वडिलांच्या पिढीला चवीसकट आठवते. तिने जीव तगवले. पन्नास वर्षांनंतर लेकरासाठी घरी येतं ते बंद पाकिटातलं पीठ अनेक घरांत जनावरांपुढे जातं, ही ओरड नवी नाही. पण त्यामागचा हिशेब बघा. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला आठ रुपये, हा दर २०१७ साली ठरला. आठ रुपयांत एक अंडं येतं, आणि आलं तर दुसरं काही येत नाही. आदिवासी भागात ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी मिळू लागली, परभणी त्यात नाही. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला आणि शाळांनी लोकवर्गणीतून बघावं असं सांगितलं. आमच्या शिवारातलं सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात, त्या कोंबड्यांचं अंडं शहराच्या बाजारात. पिकवणाऱ्याच्या लेकराच्या वाटीपर्यंत ही साखळी येत नाही.

ज्वारीचंही तेच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण दिलं. लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. लेकराच्या हाडाला आणि रक्ताला जे कमी पडतं तेच या दाण्यात वाढवलेलं. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी घडलेली ही गोष्ट. रेशनवर मात्र वर्षानुवर्षे मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि शेतात सोयाबीन आणि कापूस. त्या वाणाची भाकरी अंगणवाडीत का भाजली जात नाही, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत विचारला गेला पाहिजे.

आणि योजनांनी काही होत नाही, हे तर साफ खोटं आहे. याच मराठवाड्यात, तेव्हाचे औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने, लेकरांची वजनं खरी नोंदवा, आकडे लपवू नका, असं काम सुरू झालं. त्यातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधली खुंटलेली उंची २००५–०६ मध्ये ३९ टक्के होती, २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत २३ टक्के निघाली. दोन वेगळ्या पाहण्यांचे आकडे जोडताना सावध असावं लागतं, आणि या काळात मिळकत, शिक्षण, बाळंतपणाच्या सोयी यांतही फरक पडला. तरी सहा-सात वर्षांत एवढी उतरण म्हणजे पिंडाच्या सिद्धांताला पडलेला मोठा तडा आहे. नंतर राज्याचं लक्ष उडालं आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा चौतीस-पस्तीसला खिळून बसला. वाटप बंद केल्याने तो हलणार नाही. वाटपात अंडं, दूध, डाळ आली, ती आईला गरोदरपणाच्या आधीपासून मिळाली, पोरीचं लग्न चार वर्षं लांबलं, तर हलेल. ब्राझीलमध्ये हलला.

चुडाव्याला उतरल्यावर मी चुलत भावाकडे गेलो. त्याच्या सुनेला दोन मुली, तिसऱ्यांदा पाचवा महिना. धाकटीला त्या आठवड्यात दोन वर्षं पूर्ण झाली होती. गोलमटोल, अंगणभर पळणारी. तिचं अंगणवाडीचं कार्ड बघितलं. वजन अकरा किलो, हिरव्या पट्ट्यात. उंचीचा रकाना कोरा. विचारलं तर सून म्हणाली, “काट्यावर ठेवतेत दादा, चांगलं हाय म्हणतेत.” ज्या बाईने हे वजन घेतलं तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. एका हाताने खिचडी, दुसऱ्या हाताने मोबाइलमधली माहिती, आणि उंचीची पट्टी असली तरी लेकराला भिंतीला टेकवून धरायला दुसरं माणूस नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. थोरलीच्या वाढदिवसांना तिच्या बापाने केलेल्या. मी शिंप्याची टेप मागवली. थोरलीची दोन वर्षांची खूण जमिनीपासून ८३ सेंटिमीटरवर. मग धाकटीला चौकटीला टेकवलं, टाचा मागे, मान सरळ, तिच्या आजीने गुडघे धरले. मी डोक्यावर वही आडवी धरून रेघ मारली. ७८. दोन खुणांमध्ये जवळपास तीन बोटं मावली.

“बापावर गेली जणू,” आजी म्हणाली. थोरलीचाही बाप तोच होता. सून काही बोलली नाही. त्या रेघांकडे ती बराच वेळ बघत राहिली, एक हात पोटावर. तिच्या स्वतःच्या कार्डावर वजन होतं ४४ किलो. दुपारचे साडेबारा वाजले होते. सकाळपासून काय खाल्लं, असं मी विचारलं तर म्हणाली, दोनदा चहा झाला.